बाळंतिणीची भाषा : आपल्या समाजाच्या इतिहासातील एक न लिहिलेले पान

आपल्या बेने इस्राएल समाजाच्या इतिहासाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, कोकणातील शनिवार तेली, मुंबईतील प्रार्थनामंदिरांची स्थापना, इस्राएलमध्ये झालेले आगमन आणि विवाहाच्या समान हक्कासाठी १९६२ ते १९६४ या काळात दिलेला लढा, हे सारे विषय आपल्या वाचकांना परिचित आहेत. परंतु ज्या पिढीने हे स्थलांतर केले, त्या पिढीतील स्त्रिया या भूमीत येताच प्रसूत होऊ लागल्या. त्यांचे बाळंतपण कोणत्या भाषेत झाले, हा प्रश्न मात्र इतिहासकारांनी कधी विचारलेला दिसत नाही. तो घरातला, बायकांचा विषय म्हणून बाजूला राहिला. प्रस्तुत लेखात त्या न लिहिलेल्या पानाकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचा विचार आहे.

तोरामध्ये सुईणीचा पहिला उल्लेख येतो तो राहेलच्या प्रसूतीच्या प्रसंगी. एफ्रातच्या वाटेवर राहेलला अतिशय कठीण वेणा सुरू झाल्या असता सुईण तिला धीर देते की भिऊ नकोस, हाही तुझा पुत्रच आहे. त्या सुईणीने कोणते औषध दिले, कोणता उपाय योजला, याविषयी शास्त्रात एक अक्षरही नाही. नोंद राहिली आहे ती केवळ तिच्या शब्दाची. प्रसूतीच्या वेळी स्त्रीला ज्या गोष्टींची गरज असते, त्यांत समजेल असा शब्द किती वरच्या स्थानी आहे, हे यावरून ध्यानात यावे. राहेल वाचली नाही. परंतु तिच्या अखेरच्या घटकेला तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे कोणीतरी होते.

कोकणात असताना आपल्या स्त्रियांना भाषेचा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे, हा रिवाज आपणही शेजाऱ्यापाजाऱ्यांप्रमाणे पाळीत होतो. गावची सुईण बहुधा आपल्या समाजाची नसे, पण तिची आणि बाळंतिणीची भाषा एकच असे. कळा कोठून निघतात, कंबरेतून की ओटीपोटातून, त्या थांबून थांबून येतात की सलग, पाणमोट फुटली की नाही, हे सारे ती दोन शब्दांत विचारी आणि दोन शब्दांत तिला उत्तर मिळे. पुढे शेक, शेगडी, ओवा, बाळंतशोपा, डिंक आणि हळिवाचे लाडू, आठव्या दिवशी मुलाची सुंता, मुलगा असल्यास चाळिसाव्या आणि मुलगी असल्यास ऐंशीव्या दिवशी शुद्धिस्नान, हा सारा क्रम आई, आजी आणि आत्या यांच्या तोंडून एकमेकींकडे येत असे. या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. स्वच्छतेच्या अभावी किती माता आणि किती अर्भके दगावली असतील, याची गणती नाही. पण न समजल्यामुळे कोणी भ्याली, असे घडत नसे.

मुंबईत आल्यावर बाळंतपण हळूहळू घरातून रुग्णालयात गेले. १८८६ साली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले, आणि त्याच रुग्णालयाची धुरा १९२८ ते १९४७ या काळात आपल्याच समाजाच्या डॉ. जेरुशा झिराड यांनी वाहिली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. लंडनमध्ये उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या विदुषीने मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांची पाहणीही केली. येथे मला त्यांच्या कार्याची एकच बाजू पुढे मांडावयाची आहे. मरण पावलेल्या मातेच्या बाबतीत काय घडले, हे शोधावयाचे तर घरच्यांना विचारावे लागते, आणि विचारण्यासाठी त्यांची भाषा यावी लागते. मराठी बोलणाऱ्या बाईस मराठीतून प्रश्न करू शकणारी डॉक्टर त्या काळी रुग्णालयात असणे, हे अद्ययावत उपकरणांइतकेच मोलाचे होते. आपल्या स्त्रियांना ही सोय इतकी स्वाभाविक वाटली की ती गमावेपर्यंत तिचे मोल कळले नाही.

ती गमावली इस्राएलमध्ये. १९४८ नंतर आपली कुटुंबे येऊ लागली आणि बेर शेवा, लोद, रामले, पुढे दिमोना, अश्दोद, किर्यत गत अशा गावी वसली. दिमोना तर १९५५ साली वाळवंटात नव्याने उभे राहिले. या काळात राज्याने एक महत्त्वाचे पाऊल उचलले. नोव्हेंबर १९५३ मध्ये राष्ट्रीय विमा कायदा संमत होऊन १ एप्रिल १९५४ पासून अमलात आला, आणि त्यातील प्रसूती अनुदान रुग्णालयात बाळंत होणाऱ्या मातेस मिळेल, अशी अट घालण्यात आली. हेतू उदात्त होता. स्थलांतरितांच्या वस्त्यांतील बालमृत्यू कमी व्हावेत, यासाठी मातांना तंबूतून आणि पत्र्याच्या झोपड्यांतून रुग्णालयात आणावयाचे होते. हेतू बहुतांशी साध्यही झाला, आणि आपल्यापैकी अनेकांचा जीव त्या धोरणामुळे वाचला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु या एका पावलाने आपली स्त्री एकाच वेळी माहेराला, सुईणीला आणि स्वतःच्या भाषेला पारखी झाली. कायद्याने तिला खाट दिली, दाया दिल्या, डॉक्टर दिले. तिचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचविणारे मनुष्य देण्याचे मात्र कोणास सुचले नाही.

त्या काळचे प्रसूतिगृह एकभाषी होते, असे मात्र समजू नये. डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच कोठून कोठून आलेल्या होत्या. कोणी रूमानियाच्या, कोणी पोलंडच्या, कोणी इराकच्या, कोणी मोरोक्कोच्या. यिद्दिश बोलणाऱ्या बाईस यिद्दिश जाणणारी दाई सापडे. बगदादच्या बाईस अरबी जाणणारी कोणीतरी भेटे. मराठी मात्र त्या साऱ्या गलबल्यात कोणाचीच नव्हती. मुंबईस शिकलेल्या आपल्या भगिनी इंग्रजीचा आधार घेत. परंतु अलिबाग, पेण, रोहे, मुरूड या भागांतून किंवा गिरणगावच्या चाळींतून आलेल्या स्त्रियांना तोही आधार नव्हता. नवागतांना हिब्रू शिकविणारे उलपान १९४९ पासून सुरू झाले होते खरे, पण कडेवर एक आणि पोटात दुसरे असलेल्या बाईने वर्गात जाऊन बसावे कसे? पुरुष कामावर जाऊन चार शब्द शिकत, मुले शाळेत शिकत. घरातली आई सर्वांत शेवटी शिकत असे. आणि रुग्णालयात जाण्याची वेळ मात्र तिच्यावर सर्वांत आधी येई.

दोन भाषांमधील अंतर किती फसवे असते, हे एका शिक्षिकेस सांगावेसे वाटते. आपली बाई “कळा, कळा” म्हणून विव्हळते, आणि हिब्रू जाणणाऱ्या कानास ‘कल्ला’ म्हणजे नवरी असे ऐकू येते. आपण ‘दाई’ म्हणून हाक मारतो, आणि हिब्रूत ‘दाय’ म्हणजे पुरे झाले. आपण ‘मी’ म्हणतो, आणि त्यांच्या भाषेत तो ‘कोण’ असा प्रश्न होतो. एकच शब्द आपल्या उपयोगी पडला. हिब्रूत परिचारिकेला ‘अखोत’ म्हणजे बहीण म्हणतात, आणि मुंबईच्या दवाखान्यात आपणही तिला ‘सिस्टर’ म्हणत होतो. एवढा एक शब्द सोडला, तर बाकी सारा अंधार.

शब्दांहून अधिक घात केला तो खुणांनी. समजले, मान्य आहे, असे दर्शविण्यासाठी आपण मान डावी-उजवीकडे डोलवितो. येथील मनुष्यास ती नकाराची खूण वाटते. उलट येथील लोक नकार देताना जिभेने ‘च्च’ असा आवाज करतात, आणि आपल्या बाईला वाटते की ही आपली कीव करीत आहे. त्यातच प्रसूतीच्या वेळी मोठ्याने ओरडणे हे आपल्याकडे लाजिरवाणे मानले जाई. लुगड्याचा पदर दातांत धरून कळा सोसणे हा शहाणपणा समजला जाई. शेजारच्या खाटेवरची बाई आक्रोश करीत असताना आपली बाई निमूटपणे पडून राहिली, तर तिची वेळ अजून दूर आहे, असा समज होणे अगदी साहजिक. यात कोणाची दुष्ट बुद्धी नव्हती. दाई दमलेली होती, खाटा अपुऱ्या होत्या, आणि विचारावयाचे कोणत्या भाषेत, हे दोघींनाही ठाऊक नव्हते.

बाळंतपणानंतरही हीच स्थिती. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवजात बालके स्वतंत्र खोलीत ठेवीत आणि ठराविक वेळी दूध पाजण्यासाठी आईजवळ आणीत. कोकणात बाळ जन्मल्यापासून आईच्या कुशीत असे. ते का नेले, कोठे नेले, परत केव्हा आणणार, हे समजेपर्यंत आपल्या बाईने किती अश्रू ढाळले असतील! जेवणात थंड कोशिंबीर आणि थंड लेबेन येई. बाळंतिणीने थंड खाऊ नये, असे लहानपणापासून शिकलेली ती ताटाला हात लावीत नसे. ‘रुग्ण जेवत नाही’ अशी नोंद होई. का जेवत नाही, हे लिहिण्यासाठी विचारावे लागले असते.

मग हा अंधार उजळला कोणी? कोणत्याही सरकारी कागदावर ‘मराठी दुभाषी’ असे पद कधी नव्हते. ते काम आपल्याच स्त्रियांनी केले. शिकून परिचारिका झालेल्या आपल्या मुलींना आपला विभाग सोडून दुसऱ्या मजल्यावर धावत जावे लागे, कारण तेथे ‘एक हिंदी बाई’ आली होती. रुग्णालयात फरशी पुसणाऱ्या, स्वयंपाकघरात काम करणाऱ्या आपल्या बायकांना कोणीतरी हाक मारी, आणि त्या ओले हात पदराला पुसून बाळंतिणीच्या उशाशी उभ्या राहत. वस्तीतील एखादी चुणचुणीत शेजारीण अपरात्री रुग्णवाहिकेत बसून जाई. त्यांना मोबदला नव्हता, प्रशिक्षण नव्हते आणि पुढे इतिहासात जागाही मिळाली नाही. आपल्या समाजातील कितीतरी माता सुखरूप घरी आल्या त्या या अनामिक स्त्रियांमुळे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

आणि जेव्हा यांपैकी कोणीच नसे, तेव्हा मुले असत. येथे वैयक्तिक आठवण सांगण्याची परवानगी घेते, कारण तिच्यावाचून या लेखाचा मुद्दा पुरता स्पष्ट होणार नाही. मी नऊ वर्षांची असताना माझ्या मावशीला दक्षिणेतील एका रुग्णालयात नेले. काका कारखान्यात रात्रपाळीवर होते. शाळेत हिब्रू शिकणारी मी, म्हणून मला सोबत घेतले. परिचारिकेने मला विचारले, पाणी केव्हा उतरले? मी मावशीला तसेच शब्दशः विचारले. तिला वाटले, मी घरच्या नळाविषयी बोलते आहे. आम्ही दोघीही गोंधळलो. मला पाणमोट हा शब्द माहीत नव्हता, आणि माहीत असण्याचे ते वयही नव्हते. पुढे परिचारिकेने विचारले, यापूर्वी कधी मूल गेले आहे का, रक्तस्राव झाला होता का? मी मावशीकडे पाहिले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहून सांगितले, “नाही म्हणून सांग, बाळ.” मी ‘लो’ म्हणून सांगितले, आणि तसे लिहिले गेले.

त्या रात्री मावशीला फार रक्तस्राव झाला. डॉक्टरांनी शर्थ केली आणि परमेश्वराच्या कृपेने ती वाचली. पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः आई झाले तेव्हा, तिने मला सांगितले की मुंबईस तिचे पहिले मूल पोटातच गेले होते आणि त्या वेळीही असाच रक्तस्राव झाला होता. मी विचारले, “मग मावशी, तेव्हा सांगितले का नाहीस?” ती म्हणाली, “अगं, नऊ वर्षांच्या पोरीला असलं काही सांगतात का?” यात मावशीचे काही चुकले, असे मला वाटत नाही. परिचारिकेने प्रश्न योग्यच विचारला होता. मीही जे ऐकले तेच सांगितले होते. तिघींनीही आपापले काम नीट केले आणि तरीही खरी गोष्ट बाळंतिणीच्या ओठांवरून टाचणापर्यंत पोहोचली नाही. दुभाषी म्हणजे केवळ दोन भाषा जाणणारा नव्हे. ज्याच्यासमोर खरे बोलता येते, असा तो असावा लागतो. मूल, पती, सासू यांच्यासमोर प्रत्येक गोष्ट बोलता येत नाही.

हे केवळ आपल्याच अनुभवाला आले, असे नाही. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची गोपनीय चौकशी १९५२ पासून सातत्याने चालत आली आहे. तिच्या अहवालांत, विशेषतः २००७ आणि २०११ च्या, स्थलांतरित मातांसाठी शिकलेले दुभाषी उपलब्ध असावेत, पती किंवा मुले यांच्यावर ते काम सोपवू नये, अशी आग्रहाची शिफारस केलेली आढळते. ज्या देशात डॉ. झिराड यांनी शिक्षण घेतले, त्या देशानेही मृत मातांच्या कागदपत्रांवरूनच हा धडा घेतला.

इस्राएलमध्ये या विषयाला वाचा फुटली ती प्रामुख्याने आपल्या इथिओपियन बंधुभगिनींच्या आगमनानंतर. १९८४-८५ च्या आणि मे १९९१ च्या विमानमोहिमांत ते येथे आले. १९९१ च्या मोहिमेत तर काही बालके विमानातच जन्मली. त्यांची अम्हारिक आणि तिग्रिन्या भाषा रुग्णालयात कोणास येत नव्हती, जशी चाळीस वर्षांपूर्वी आपली मराठी येत नव्हती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याच समाजातील मध्यस्थांना शिकवून दवाखान्यांत नेमण्यास प्रारंभ झाला. १९९६ साली रुग्णहक्क कायदा झाला. रुग्णास माहिती अशा रीतीने द्यावी की ती त्याला जास्तीत जास्त समजेल आणि तो स्वेच्छेने निर्णय घेऊ शकेल, असे तो कायदा सांगतो. समजले नसताना डोलविलेली मान ही संमती नव्हे, हे तत्त्व अशा रीतीने कायद्यात आले.

पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये आरोग्य मंत्रालयाने परिपत्रक काढून रुग्णालये आणि आरोग्यनिधी यांना भाषिक व सांस्कृतिक सोयी करण्याचे बंधन घातले आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. अनुवादित पत्रके, फलक, दुभाष्यांची सोय आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या साऱ्यांचा त्यात समावेश होता. अरबी, रशियन आणि अम्हारिक या भाषांत दूरध्वनीवरून दुभाष्याची सोय झाली. जानेवारी २०१३ मध्ये, इथिओपियन स्त्रियांना गर्भनिरोधक इंजेक्शने पुरेशी समज न देता दिली जातात, अशी तक्रार गाजली असता मंत्रालयाने डॉक्टरांना कळविले की उपचाराचा परिणाम स्त्रीला समजला नसल्याची शंका असेल तर ते औषध पुन्हा लिहून देऊ नये आणि गरज पडल्यास दुभाष्याची मदत घ्यावी. इतक्या उशिरा का होईना, स्त्रीच्या शरीराविषयीचा निर्णय तिच्या भाषेतून जावा, ही गोष्ट शासनाच्या लेखी नोंदली गेली.

या साऱ्या क्रमात मराठीचे नाव कोठेही नाही. त्याबद्दल खंत करीत बसण्याचे मला कारण दिसत नाही. आपल्या नाती आज हिब्रूतूनच बाळंत होतात आणि दाईला प्रश्न विचारून विचारून हैराण करतात, याचा आनंदच मानावा. परंतु दोन कर्तव्ये आपल्यावर उरतात.

पहिले कर्तव्य नोंदीचे. ज्या स्त्रियांनी रात्री-अपरात्री उठून दुसरीच्या उशाशी उभे राहून भाषांतर केले, त्यांपैकी बऱ्याच आज हयात नाहीत, आणि ज्या आहेत त्या वृद्ध झाल्या आहेत. प्रत्येक कुटुंबाने आपल्या आईला, मावशीला, आजीला एवढेच विचारावे की तुझ्या बाळंतपणात तुझ्यासाठी कोण बोलले? उत्तर वहीत उतरून ठेवावे. प्रार्थनामंदिराला देणगी देणाऱ्यांची नावे आपण संगमरवरावर कोरतो. या स्त्रियांची नावे निदान कागदावर तरी असावीत.

दुसरे कर्तव्य वर्तमानाचे. आज नोफ हगालीलसारख्या गावांत मिझोराम आणि मणिपूरहून आलेली बने मनाशे कुटुंबे वसली आहेत. त्यांच्या सुनांना आज तोच अनुभव येत असेल जो आपल्या आजींना आला. तेल अवीवच्या रुग्णालयांत एरिट्रियाच्या स्त्रिया बाळंत होतात. आपल्याला त्यांची भाषा येत नाही हे खरे, पण त्यांच्या बाजूने बोलण्याचा अधिकार आपल्याला आपल्या इतिहासाने दिला आहे. आपल्यापैकी जे परिचारिका, डॉक्टर, समाजसेवक म्हणून काम करतात, त्यांनी समोरच्या बाईच्या डोलणाऱ्या मानेवर विसंबू नये, आणि तिच्याजवळ उभ्या असलेल्या लहान मुलीच्या खांद्यावर तो भार ठेवू नये, एवढी विनंती.

माझी मावशी आता नाही. तिच्या अखेरच्या आजारात ती हिब्रू विसरत गेली आणि मराठीच तेवढी उरली. तेव्हा तिच्या उशाशी पुन्हा मीच होते. डॉक्टरांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न मी तिला मराठीत सांगितला, आणि या खेपेस तिने काहीही लपविले नाही. राहेलच्या उशाशी असलेल्या त्या सुईणीचे नाव शास्त्राने दिलेले नाही. आपल्या राहेलींच्या उशाशी ज्या होत्या, त्यांची नावे तरी आपण शोधून ठेवू या.